गोविंदराव सरांनी न घेतलेली परीक्षा

…आन् वर तोंड करून म्हणायचं काय, तर "काल चालत होतं की". आता तुमाला सांगतो, काल चालत होतं म्हणून आज चालंल, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? काल तर माणूसबी चालत होता, आज पाय मुरगळून खाटंवर पडलाय, मग त्याला काय म्हणायचं, काल चालत होतास की, ऊठ? पर हे गोविंदराव सरांना सांगणार कोण, कारण सर म्हणजे परभणीतले रिटायर्ड हेडमास्तर, उभा जन्म दुसऱ्याच्या परीक्षा घेण्यात गेलेला माणूस, घटक चाचणी घ्या, सहामाही घ्या, वार्षिक घ्या, आन् मधीच मनात आलं तर शनिवारी तोंडी. पोरं शनिवारी पोटात दुखतंय म्हणून घरी बसायची, तर सर त्यांच्या घरी जाऊन पोटाची चौकशी करायचे आन् तिथंच उभ्या उभ्या एकोणतीसचा पाढा विचारायचे. असा माणूस. आन् ह्या माणसानं सगळ्या दुनियेत एकाच गोष्टीची परीक्षा घ्यायची न्हाई असं ठरवलं होतं, ती गोष्ट म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वधू-वर केंद्राचं सॉफ्टवेअर.

केंद्र कसलं, घराची पुढची खोली. रिटायर झाल्यावर सर दिवसभर घरात बसून कावेरीबाईंच्या स्वयंपाकाला मार्क द्यायला लागले, वरणाला मीठ कमी, दहापैकी सहा, तवा बाई म्हणाल्या, "तुमी कायतरी उद्योग काढा, न्हाईतर मी माहेरी जाते." म्हणून सरांनी लग्नं जुळवायचा उद्योग काढला. नाव नोंदवायला पाथरीहून, पालमहून, पूर्ण्याहून लोक यायलेत, पुढं पुढं तर सरांना कुणाची पोरगी कुणाला दाखवली ह्याचं ध्यान राहीना, तवा त्यांचाच जुना विद्यार्थी वरद, ज्याचं स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान हाय, त्यानं एक सॉफ्टवेअर करून दिलं. लय गुणाचं सॉफ्टवेअर. दर रविवारी सकाळी आपल्या आपण स्थळं जुळवायचं, गोत्र एक निघालं की बाद करायचं, ज्याचं लग्न ठरलं त्याला बाजूला ठेवायचं, आन् उरलेल्यांच्या मोबाइलवर फोटोसकट मेसेज पाठवायचं, खाली दोन बटणं, पसंत आन् नापसंत. लोकांना वाटायचं सर रात्रंदिवस पत्रिका चाळायलेत. सर पडवीत झोपलेले असायचे.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना सरांच्या डोक्यात किडा आला. झालं काय, पाथरीच्या एका बाईनं तकरार केली की सर, माझ्या पोरीला तुमी नागपूरचं स्थळ दाखवायलाव, एवढ्या लांब मी बाळंतपणाला कशी जाऊ? पोरीचं लग्न न्हाई अजून, बाई बाळंतपणाला निघाल्या. सरांनी लगेच वरदला बोलावलं. "वरद, जवळचं स्थळ आधी दाखवायचं. एवढासाच बदल हाय."

वरद म्हणाला, "करतो सर. पर बदल केला की मला मागचं सगळं परत तपासावं लागतंय. दोन-चार दिवस मेसेज बंद ठेवा, मी खोटी नावं घालून बघतो, गोत्राचं नीट चालतंय का, ठरलेल्यांचं नीट चालतंय का."

"गोत्राला तू हात लावणार आहेस का?"

"न्हाई सर."

"ठरलेल्यांना हात लावणार आहेस का?"

"न्हाई, पर सर, एकाला हात लावला की दुसरं हलतंय. तुमी भिंतीत खिळा ठोकला तर पलीकडच्या खोलीतला फोटो पडतोय का न्हाई?"

आता सर रागावले की पुस्तकातलं बोलायचे, ही त्यांची जुनी खोड. घरात, बाजारात आपल्यासारखंच बोलायचे, पर राग आला की एकदम प्रमाण मराठी. म्हणाले, "काल जो विद्यार्थी उत्तीर्ण झाला, त्याची आज पुन्हा परीक्षा घेतात का? उद्या रविवार आहे. लोक वाट पाहत असतात. काल चालत होतं की."

आता वरदनं अडून बसायचं का न्हाई? तुमी सांगा. डॉक्टर म्हणतोय का, पेशंटला घाई हाय म्हणून तपासत न्हाई, सरळ पोट फाडतो? पर वरदलाबी त्या दिवशी सासुरवाडीला जायचं होतं, रविवारी मेव्हण्याच्या पोराचं बारसं होतं, आन् मनातून त्यालाबी वाटायलं होतंच की एवढ्याशानं काय होतंय. लोक म्हणतात चूक सरांची. मी म्हणतो चूक दोघांची. घाई सरांची आन् आळस वरदचा, दोघांनी मिळून खिळा ठोकला आन् एक पडवीत झोपायला गेला, दुसरा सासुरवाडीला.

रविवारी सकाळी मेसेज गेले.

सर पडवीत पेपर वाचायलेत, कावेरीबाई आत नाश्त्याला सुशीला करायल्यात, मुरमुरे भिजवून पिळायल्यात, आन् त्यांची पोरगी योगिनी, बँकेत नोकरीला हाय, सुट्टी म्हणून केसाला तेल लावून बसलेली. योगिनीचं लग्न ठरलेलं. पूर्ण्याचे किशनराव, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांचा मुलगा हरिओम, तोबी रेल्वेत, साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, आन् सरांनी सगळ्या परभणीला सांगून ठेवलेलं की हे स्थळ आपल्याच सॉफ्टवेअरनं काढलं, म्हणजे बघा. हे "म्हणजे बघा" म्हणताना सर छाती अशी पुढं काढायचे, जसं काय पोरगीबी सॉफ्टवेअरनंच जन्माला घातली.

तर दुपारच्या आत पालमचे दत्तराव दारात उभे. एस.टी.नं आलेले, घामानं भिजलेले, हातात मोबाइल असा पुढं धरलेला, जसं काय त्यात विंचू हाय. चप्पल न काढता आत आले. दत्तराव म्हणजे रिटायर्ड तलाठी, आवाज असा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला मोजणीची नोटीस द्यावी. म्हणाले, "सर, मी तुमाला काय केलं?"

सर म्हणाले, "बसा तर खरं, पाणी घ्या."

"पाणी नको. आधी हे वाचा. मोठ्यानं वाचा. शाळेत वाचायला लावायचाव ना पोरांना? वाचा."

सरांनी चष्मा लावला. मेसेजमधी लिहिलेलं, आपले चिरंजीव परमेश्वर यांच्यासाठी अनुरूप स्थळ, चि. सौ. कां. सृष्टी दत्तराव, गाव पालम, गोत्र भारद्वाज, आन् खाली नव्यानंच आलेली ओळ, आपल्या घरापासून अंतर शून्य किलोमीटर.

आता तुमच्या ध्यानात आलं का? परमेश्वर दत्तरावांचा पोरगा. सृष्टी दत्तरावांची पोरगी. सख्खी भावंडं. दोघांची नावं केंद्रात घातलेली, दोघांचा पत्ता एक, मग जवळचं स्थळ कोणतं? घरातलंच. सॉफ्टवेअरचं तरी काय चुकलं म्हणा, त्याला सांगितलं जवळचं बघ, त्यानं लांब जायचीच तसदी घेतली न्हाई. गोत्र बघायचं कलम पुढं होतं आन् जवळचं सापडल्यावर गाडी तिथंच थांबली, पुढच्या स्टेशनापर्यंत गेलीच न्हाई.

दत्तराव म्हणाले, "परमेश्वरानं सृष्टी निर्माण केली इथवर ठीक हाय सर, पर तुमी ही कोणती भानगड काढली? माझी बायको मेसेज बघून देवघरात जाऊन बसलीय, उठंना. पोरगा घराबाहेर पडंना, पोरगी त्याला राखी दाखवून दाखवून हसायलीय. कुणी बघितलं असतं म्हणजे? पालम केवढं हाय? एका चौकात शिंकलं तर दुसऱ्या चौकातला माणूस आयुष्मान हो म्हणतोय. माझी काय इज्जत राहिली?"

सर म्हणाले, "अहो, पर हे असं होत न्हाई. काल चालत होतं की."

बस्स. हे ऐकलं आन् दत्तराव खुर्चीवर बसले ते कोर्टात बसल्यासारखे. म्हणाले, "काल चालत होतं. माझा चुलताबी काल चालत होता सर. आज त्याचं बारावं हाय, तिकडं न जाता मी इकडं आलोय."

तवर सरांचाबी फोन वाजायला लागला होता. पाथरीच्या एका पोरीला तिचाच चुलतभाऊ दाखवलेला, जिंतूरच्या कुणाला मागच्या महिन्यात लग्न झालेली वहिनी दाखवलेली, आन् प्रत्येकाला सर तेच सांगायलेत, अहो काल चालत होतं, काल चालत होतं. शेवटी त्यांनी वरदला फोन लावला, वरद बारशाच्या जेवणात. म्हणाला, "येतो सर, जिलबी वाढायलेत, एवढी खाऊन येतो."

इकडं कावेरीबाईंनी दत्तरावांपुढं सुशीलाची ताटली ठेवली. चिडलेला माणूस खाताना कमी बोलतोय, हे त्या बाईला पस्तीस वर्षांच्या संसारानं शिकवलेलं. दत्तरावांनी नको नको म्हणत दोन घास खाल्ले, तिसऱ्या घासाला मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं आन् तुमाला सांगतो, त्या माणसाचं तोंड असं बदललं, जसं ढग सरकून ऊन पडावं. "सर, पर एक मात्र बरं झालं. सृष्टीला पसंती आलीय. मुलाकडून. फोटो पसंत, माहिती पसंत. मुलगा रेल्वेत, हे मात्र स्थळ चांगलं काढलं तुमी." आन् त्या भरात त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चि. हरिओम किशनराव, राहणार पूर्णा…"

पुढं वाचलं न्हाई त्यांनी. साखरपुड्याला तेबी आलते. जेवलेबी होते. बुंदी दोनदा घेतली होती.

आतल्या गॅसवर चहा उतू गेला, पर उठलं कुणीच न्हाई. कावेरीबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच. योगिनी दारात उभी, केसाला तेल, हातात फणी. सरांनी तिच्याकडं बघितलं आन् पटकन नजर काढून घेतली. पन्नास पोरांच्या वर्गात कॉपी करणारा नुसत्या मानेवरून ओळखणारा माणूस, पर त्याला स्वतःच्या पोरीच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचवंना.

मग सर म्हणाले, "सॉफ्टवेअर बिघडलंय. ठरलेल्यांना मेसेज जायलेत, तसं हेबी झालं असंल. पसंतीबी आपल्या आपण गेली असंल. त्या पोराचा दोष न्हाई." आन् ध्यानात घ्या, हे पुस्तकातलं बोलणं नव्हतं. राग नव्हता. माणूस घाबरला होता.

किशनरावांना फोन लावला. तिकडून किशनराव आधीच तापलेले. "सर, आमी तुमाला विचारणारच होतो. तुमीच आमच्या पोराला दुसरी पोरगी दाखवायलाव, ह्याचा अर्थ काय समजायचा? तुमाला मोडायचं असंल तर सरळ सांगा. असं मेसेज पाठवून कशाला?"

"अहो, मोडायचं कशाला, ती चूक झालीय. पर त्या मेसेजला तुमच्याकडून पसंती आली."

तिकडून म्हणाले, "बोट लागलं असंल. आजकालचे मोबाइल लय नाजूक."

आता बोट लागलं असंल… लागतंय बोट, मी न्हाई म्हणत न्हाई. पर तेवढ्यात वरद आला, मिशीला जिलबीचा पाक तसाच, लॅपटॉप उघडून बसला, सगळं बघितलं, डोक्याला हात लावला. सरांनी त्याला बाजूला घेतलं आन् हळूच विचारलं, "वरद, पसंतीचं बटण आपल्या आपण दाबलं जाऊ शकतंय का?" त्या विचारण्यात काय होतं सांगू का, जन्मात पहिल्यांदा सर विद्यार्थ्याच्या पुढं उभे राहून म्हणायले होते, बाबा, ह्या पेपरात काहीतरी चूक काढ.

वरदनं योगिनीकडं बघितलं, सरांकडं बघितलं. म्हणाला, "न्हाई सर. पसंत दाबलं की ते परत विचारतंय, नक्की का? मग हो दाबावं लागतंय. मागं म्हाताऱ्या माणसांची बोटं लागायली होती म्हणून तुमीच ते करून घेतलं होतं."

"ते बिघडलं असंल."

"ते न्हाई बिघडलं सर. तेवढं एकच मी तपासलेलं हाय."

बघा आता नशीब. सगळं सॉफ्टवेअर नापास, आन् पास कोण, तर जे नापास व्हायला पाहिजे होतं तेच.

योगिनीनं कुणाला विचारलं न्हाई. तिथंच सगळ्यांच्या पुढं हरिओमला फोन लावला, आवाज मोठा ठेवला. म्हणाली, "तू ती पालमची मुलगी पसंत केलीस?"

तो म्हणाला, "अगं कोण म्हणतंय? म्हणजे… मेसेज आला, मी नुसतं बघायलो होतो."

"बघायला बटण लागत न्हाई. फोटो वरच असतो."

"अगं, मला वाटलं की… समजा आपलं काही कारणानं पुढं-मागं झालं, तर एक स्थळ हातात असलेलं बरं. घरच्यांनाबी टेन्शन न्हाई. तू उगं मनावर घेऊ नको."

योगिनी म्हणाली, "मी मनावर घेत न्हाई. मी नापसंत दाबायलेय." आन् फोन ठेवला. फणी घेतली, आत गेली, राहिलेले केस विंचरले. रडली असंल तर आतल्या खोलीत रडली, बाहेर आली तवा वेणी घट्ट होती.

दत्तराव उठले. ताटली स्वतः उचलून मोरीत ठेवली. म्हणाले, "सर, मी चप्पल घालून आत आलतो, माफी असावी." आन् आपल्या मोबाइलवर आधी हरिओमच्या स्थळाला नापसंत दाबून मग एस.टी.ला गेले.

पर किशनराव असे सोडतात व्हय? दुसऱ्या दिवशी पूर्ण्याहून पहिल्या गाडीनं नवरा-बायको हजर. साखरपुड्याची साडी, अंगठी, सगळं पिशवीत घालून, आन् बोलणं असं की गल्लीतल्या बाया खिडकीत आल्या. किशनराव म्हणाले, "तुमी जाणूनबुजून हे केलं. सापळा लावला. आमच्या पोराची परीक्षा घेतली. मास्तर ते मास्तरच."

आन् इथं सर उभे राहिले. राग आला होता, म्हणून पुस्तकातलं बोलले, पर आवाज चढला न्हाई. "किशनराव, परीक्षा मी घेतली असती तर मला अभिमान वाटला असता. मी परीक्षा घेतली नाही. सॉफ्टवेअरचीही घेतली नाही आणि तुमच्या मुलाचीही घेतली नाही. दोघेही काल चालत होते, एवढ्यावर मी समाधान मानलं. माझं चुकलं. ती पिशवी इथे ठेवा, तुमची अंगठी योगिनीची आई आणून देईल, आणि गाडीची वेळ होईपर्यंत बसायचं असेल तर चहा घ्या."

चहा घेतला न्हाई त्यांनी. रिक्षा थांबवून ठेवलेली.

ते गेल्यावर सर लय वेळ पडवीत बसले. पेपर उलटा धरलेला. हॉलवाल्याला फोन करायचा होता, आचाऱ्याला करायचा होता, गावभर "म्हणजे बघा" सांगून झालेलं होतं ते परत घ्यायचं होतं, आन् प्रत्येकजण विचारणार, का मोडलं? सांगायचं काय? योगिनी बँकेत जायला निघाली, दारात थांबली, म्हणाली, "बाबा, लग्नानंतर कळलं असतं तर कुणाला फोन केला असता?" आन् गेली. सरांनी पेपर सरळ केला.

मग त्यांनी वरदला सांगितलं, लागतील तेवढे दिवस घे, मेसेज बंद, सगळं पहिल्यापासून तपास. स्वतः शेजारी बसायचे. खोटी नावं सर सांगायचे, वरद घालायचा. सख्खे भाऊबहीण घाल, मामा-भाची घाल, ठरलेला घाल, मोडलेला घाल, गाव तेच आडनाव वेगळं घाल. सर असे खुलले की बोलायची सोय न्हाई, जसं काय शनिवारची तोंडी परत सुरू झाली. वरद बेजार. म्हणायचा, "सर, मी आठवीत बरा सुटलो होतो तुमच्या हातातनं."

आता तुमाला वाटंल, चला, शहाणपण आलं, गोष्ट संपली. पर आपल्या लोकांना तुमी ओळखत न्हाई. ही बातमी पालमला गेली, पाथरीला गेली, पूर्ण्याला तर आधीच गेली होती, आन् एका मागं एक माणसं सरांच्या दारात यायला लागली. नोंदणीला न्हाई. हळूच आत यायचे, इकडं-तिकडं बघायचे आन् म्हणायचे, "सर, आमच्या पोरीचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला हाय, घर चांगलं हाय. तेवढा तो चुकलेला मेसेज आमच्या जावयाला एकदा पाठवता का?"

सर पहिल्यांदा ओरडले, "हे केंद्र आहे का सापळा?" दुसऱ्याला समजावलं. तिसऱ्याला म्हणाले बघतो. चौथी एक आई आली, नुसती बसून राहिली आन् पदरानं डोळे पुसायली, तवा सर उठून आत गेले आन् वरदला म्हणाले, "गोत्राचं दुरुस्त झालं का?"

"झालं सर. पक्कं. तीनदा तपासलं."

"आन् ते ठरलेल्यांना मेसेज जायचं?"

"तेबी काढलं सर. आता एकबी जात न्हाई."

सर घुटमळले. म्हणाले, "ते… तेवढं परत बिघडवता येईल का?"

वरद म्हणाला, "येईल की. पर बिघडवलं तरी परत सगळं तपासावं लागंल."

सर म्हणाले, "तपास. घाई न्हाई."

हे सगळं कावेरीबाई दारात बसून कोथिंबीर निवडत ऐकायल्या होत्या. वरद गेल्यावर म्हणाल्या, "अहो, आपलं ठरलं होतं तवा असलं काही असतं, तर?"

सरांना लय बरं वाटलं. खुर्ची पुढं ओढली, म्हणाले, "मला दहा मुली दाखवल्या असत्या तरी मी दहादा नापसंतच दाबलं असतं. लिहून देतो."

कावेरीबाई कोथिंबिरीची काडी मोडत म्हणाल्या, "तुमचं कोण विचारायलंय? मी माझं म्हणायलेय."

आन् सर उठले, पिशवी घेतली, काय आणायचं ते न विचारताच बाजारात गेले.